तिच्यासाठी बनवलेलं बोलणं

आमच्या घरात बोलण्याचं काम बायकोकडे होतं. मी जन्मभर पोस्टात नोकरी केली. निवृत्त झाल्यावर नागावच्या आमच्या वाडीतल्या दोन खोल्या पर्यटकांना राहायला द्यायला लागलो, पण लोकांशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ जड व्हायची. पाहुण्यांची गाडी फाटकात आली की मी सामान उचलायला पुढे व्हायचो आणि ही ओटीवरूनच सुरू व्हायची. वडखळला फार खोळंबलात का, पोराला गाडी लागली का, मासे चालतात की शाकाहारी, आत्ता समुद्रावर जाऊ नका, ओहोटी आहे, उन्हं उतरल्यावर जा. संध्याकाळपर्यंत त्या माणसांच्या सासवांची दुखणीसुद्धा हिला तोंडपाठ झालेली असायची. जेवताना ती मला हे सगळं सांगायची आणि मी ‘हं’ म्हणायचो. एकदा चिडून म्हणाली, "अहो, निदान दोन वेगवेगळे हं तरी काढा. ऐकताय की झोपलाय ते कळू दे मला."

दिवाळीनंतरच्या हंगामात एका सकाळी ती पाहुण्यांसाठी घावन घालत होती. मी वाडीत पंप चालू करायला गेलो होतो. परत आलो तर स्वयंपाकघरात धूर. तव्यावरचं घावन काळं झालं होतं आणि ही ओट्याला टेकून उभी होती. उजवा हात लोंबत होता, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. मला बघताच ती घाईघाईने काहीतरी सांगायला लागली. अगदी नेहमीसारखी, हातवारे करत, मध्येच रागावत. पण त्यात एकही शब्द नव्हता. नुसता आवाज होता, चढणारा आणि उतरणारा. मी म्हणालो, "काय? काय म्हणतेस?" आणि ती पुन्हा तेच सांगायला लागली. पाहुण्यांनी त्यांच्याच गाडीत घालून आम्हाला अलिबागला नेलं. तिथून मुंबईला.

जीव वाचला. पायात थोडी ताकद परत आली, धरून धरून चालता यायला लागलं. हात काही आला नाही. बोलणंही आलं नाही. फक्त दोन शब्द आले: ‘मग काय’. का तेच, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पाणी हवं असलं तरी मग काय, नको असलं तरी मग काय. नाशिकहून मुलगी व्हिडिओवर दिसली की आनंदाने मग काय, आणि तिने फोन ठेवला की डोळे पुसत मग काय. सुरुवातीला मला वाटायचं, आवाजाची चाल ओळखू आली की अर्थ लागेल. पण चाल आणि अर्थ यांचीही गल्लत होत होती. रागावलेल्या आवाजात ती कधी हसून बघायची.

खोल्या आम्ही बंदच केल्या. चौलच्या एक ताई दिवसभर सांभाळायला येऊ लागल्या. आंघोळ, कपडे, भरवणं त्या करायच्या. मी औषधं द्यायचो आणि समोर बसायचो. दोघंही गप्प. घरात इतकी शांतता कधी नव्हती. वाडीत नारळाची झावळी पडली तरी दचकायला व्हायचं.

पुण्याचं एक जोडपं आमच्याकडे दरवर्षी यायचं. ते त्या वर्षीही आलं, राहायला नाही, भेटायला. त्यातली मुलगी कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. ती हिच्याजवळ बराच वेळ हात धरून बसली, मग ओटीवर येऊन डोळे पुसत मला म्हणाली, "काका, काकूंसाठी आपण काहीतरी करूया. टॅबवर चित्रं. चित्रावर बोट ठेवलं की टॅब बोलेल."

"असतं ना तसं बाजारात," मी म्हणालो. "हिच्यासाठी वाचा-उपचाराच्या बाई येतात, त्यांनी दाखवलं होतं. इंग्रजी, नाहीतर हिंदी."

"म्हणून तर म्हणते. तुम्हीच बनवा. मराठीत, तुमच्या घरातलं."

मला हसू आलं. पोस्टात कॉम्प्युटर आले तेव्हा आमच्या कचेरीत ते शिकणारा मी शेवटचा माणूस होतो. "मला त्यातलं काय कळतं?"

"कळायची गरजच उरली नाही आता. काय हवंय ते बोलून सांगायचं, तुमच्या मराठीत. कोड यंत्र लिहितं. कोणालाही करता येतं, काका, खरंच."

तिने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. कोणाशी बोलायचं तेच मला समजेना. त्याला एकेरी हाक मारायची की आदराने, तेही समजेना. शेवटी मी अर्ज वाचून दाखवावा तसा म्हणालो, "माझ्या पत्नीला बोलता येत नाही. पाण्याच्या चित्रावर बोट ठेवलं की पाणी पाहिजे असं ऐकू यावं, असं काही तुम्ही करू शकाल का?" पडद्यावर ओळीच्या ओळी उतरू लागल्या, मला न वाचता येणाऱ्या. चहा निवायच्या आत टॅबवर एक पेला उमटला. मी त्याच्यावर बोट ठेवलं. टॅब म्हणाला, "मला पाणी हवे आहे."

मी पुन्हा एकदा बोट ठेवून बघितलं. मी सांगितलं आणि ते झालं. असं माझ्या बाबतीत कधी झालं नव्हतं.

त्या मुलीने मग मुद्दाम दोन दिवस राहून मला सगळं नीट दाखवलं आणि ती गेली. त्यानंतर मी सुटलो. सकाळी हिचं आवरून झालं की ओटीवर बसायचो आणि त्या यंत्राशी बोलायचो. भूक, चहा, औषध, न्हाणीघर, पंखा, मुलगी, देव, दुखतंय, झोपायचंय. बटणं मोठी करा. डाव्या हाताला सोपं पडेल असं करा. बोट थरथरलं तर दोनदा बोलू नका. यंत्र प्रत्येक वेळी समजून घ्यायचं, चुकलं तर दुरुस्त करायचं. काही बिघडलं की मी नुसतं काय दिसतंय ते सांगायचो आणि ते कारण शोधून काढायचं. यंत्राने काढलेल्या घराला धुराडं होतं आणि मासा ताटात लिंबू घेऊन बसला होता, म्हणून मी घरातलेच फोटो काढले. आमचा तांब्या, तिची वेताची खुर्ची, तिची हिरवी शाल. ते घालायलाही काही वेळ लागला नाही.

ताई आत-बाहेर करताना ऐकायच्या. एकदा म्हणाल्या, "काका, तुमी येवढं बोलताव, मना ठावंच नव्हतं."

मलाही ठाऊक नव्हतं. चाळीसेक वर्षांच्या संसारात हिच्याशी मी जेवढं बोललो असेन, त्याहून जास्त त्या थोड्या महिन्यांत त्या यंत्राशी बोललो. ही कशी बसते, कुठला हात चालतो, कुठल्या वेळी रडते, तिला काय आवडतं. तिला काय आवडतं हे सांगताना मी पुष्कळदा अडायचो. उठून आत जाऊन तिच्याकडे बघायचो आणि तिला विचारता येत नाही हे आठवून परत यायचो.

आणि ती? ती टॅब मांडीवर घ्यायची, कारण मी ठेवायचो. मी म्हणायचो, "पाणी दाखव बरं, पाणी." ती माझ्या तोंडाकडे बघायची, मग पडद्याकडे, मग शालीवर बोट ठेवायची. टॅब म्हणायचा, "मला शाल हवी आहे." मी उठून शाल आणायचो. ती वैतागून शाल ढकलून द्यायची आणि तांब्याकडे हात करायची, खऱ्या तांब्याकडे, कोपऱ्यातल्या. मी पाणी द्यायचो आणि ओटीवर जाऊन यंत्राला सांगायचो, चित्रं एकमेकांपासून लांब ठेवा.

मग मला वाटलं, अडचण आवाजाची आहे. बातम्या देणाऱ्या बाईसारखा तो आवाज, ‘हवे आहे’ म्हणणारा. आमच्या घरात कोण असं बोलतं? नाशिकच्या मुलीकडे हिचे जुने व्हॉइस मेसेज होते, ढीगभर. त्यांच्यावरून कुठलंही वाक्य तिच्याच आवाजात बोलवता येतं, हे मला यंत्राने सांगितलं. मुलीने मेसेज पाठवले. पाठवताना म्हणाली, "बाबा, मी ऐकले नाहीत. मला ऐकवत नाहीत ते." मी सगळे ऐकले, कानाला फोन लावून, वाडीच्या टोकाला विहिरीपाशी उभा राहून. कैरीचं लोणचं कसं पाठवू, तुझ्या बाबांना खोकला झालाय पण सांगणार नाहीत, बाजूच्यांची गाय व्याली. एका मेसेजात ती नुसती हसत होती, कशाला ते शेवटपर्यंत सांगितलंच नव्हतं.

आवाज तयार झाला. मी टॅब हिच्या मांडीवर ठेवला आणि स्वतःच ताटाच्या चित्रावर बोट ठेवलं. हिच्या आवाजात टॅब म्हणाला, "मला भूक लागली."

ती चमकली. दाराकडे बघितलं, मागे बघितलं. मी पुन्हा बोट ठेवलं. "मला भूक लागली." मग तिला कळलं आवाज कुठून येतोय. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी तिच्या अंगावरचं काहीतरी ओढून घेतलंय. तोंड वाकडं करून ती रडायला लागली, जोराने, लहान मुलासारखी. ताई धावत आल्या. "काय केलंत काका?"

मला नंतर सुचलं की हे वाक्य तिने कधी उच्चारलंच नव्हतं. ‘तुम्हाला भूक लागली असेल’, ‘पोरांना भूक लागली असेल’, ‘त्या पाहुण्यांना विचारा हो, भूक लागलीय का’. तिची सगळी वाक्यं दुसऱ्यांच्या भुकेची होती. मी तिच्या आवाजात भलतीच बाई बनवली होती.

वाचा-उपचाराच्या बाई आठवड्याला अलिबागहून यायच्या. त्यांनी टॅब हातात घेऊन सगळं उलटसुलट करून बघितलं. "हे तुम्ही केलंत?" त्यांचा विश्वास बसेना. "काका, मराठीत इतकं चांगलं मी कुठेच पाहिलेलं नाही." मग हिच्याबरोबर थोडा वेळ बसल्या. जाताना मला फाटकापर्यंत घेऊन गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला एक स्पष्ट सांगू? काकूंची जीभ अडलेली नाही. शब्दच अडलेत. पाणी हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे पाणी यायला हवं, आणि चित्र बघितलं की शब्द यायला हवा, ती वाटच मोडलीय. चित्राचंही तेच होतं. बटण कितीही चांगलं असलं तरी कुठलं दाबायचं ते आत ठरावं लागतं."

"म्हणजे उपयोग नाही?"

"थोडा होईल कदाचित. पण तुम्ही यावर फार भिस्त ठेवू नका. त्यांच्याजवळ बसा. हातवारे, डोळे, ते बघा."

मी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओटीवर बसलो. चित्रं कमी करून बघितली. एका वेळी दोनच. मग एकच. एकच चित्र असेल तर चूक होणार नाही, असं मी यंत्राला सांगितलंदेखील. त्याने तेही करून दिलं. पडद्यावर एकटा तांब्या. ही त्याच्याकडे बघत राहिली आणि तिने बोट ठेवलंच नाही.

त्या दिवशी मी यंत्राला विचारलं, "एवढं सगळं केल्यावर ती बोलेल का?" आजवर मी बटणांचं विचारत होतो, ते बटणांचं उत्तर देत होतं. या वेळी त्याने सरळ सांगितलं, की तुम्ही जे वर्णन करता त्यावरून पडदा आणखी बदलून फारसा फरक पडेल असं वाटत नाही, उपचार करणाऱ्या बाईंचं म्हणणं महत्त्वाचं आहे. आणि शेवटी विचारलं, की त्या सध्या काही न बोलता तुम्हाला काय काय सांगतात?

मला भयंकर राग आला. मी लॅपटॉप आपटून बंद केला. राग यंत्राचा नव्हताच. त्या प्रश्नावर मला एकही ओळ सांगता येत नव्हती. ती आत खुर्चीत बसून होती आणि मी महिनोन् महिने ओटीवर तिच्याविषयी बोलत होतो.

त्यानंतर काही दिवसांनी वाचा-उपचाराच्या बाईंचा फोन आला. बोर्ली पंचतनला त्यांचे एक रुग्ण होते. घशाच्या कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढावं लागलं होतं. "त्यांना तुमचं ॲप देऊ का? थोडं बदलून द्याल?" मी नको कशाला म्हणू? त्यांच्या सुनेने आवाजाचे नमुने पाठवले. गृहस्थ टेनिस बॉलच्या क्रिकेट सामन्यांचं समालोचन करायचे, गावोगावी, मैदानावर मांडवात माइक धरून. शांतपणे बोलल्याचा एकही नमुना घरात कोणाकडे नव्हता. सगळं मैदानावरचं, भोंग्यातून आलेलं, ओरडलेलं. चित्रांच्या जागी अक्षरं आणली, नेहमीची वाक्यं एका बाजूला ठेवली, ‘न्हाय’ला ‘नाही’ करू नका म्हणून यंत्राला बजावलं आणि पाठवून दिलं. चारच दिवसांत सुनेचा फोन. "काका, तुम्ही एकदा याच. मामंजी ऐकतच नाहीत."

मी स्कूटर काढली. मुरूडवरून आगरदांड्याला गेलो, फेरीबोटीत स्कूटर चढवली, दिघीला उतरून बोर्लीला पोचलो. दारातच मोठा आवाज आला, "या काका, या! काकांचं मैदानात आगमन झालेलं हाय!" गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं. उंच, किडकिडीत गृहस्थ, गळ्याला पांढरा रुमाल बांधलेला, टॅब छातीशी धरून उभे होते आणि डोळ्यांनी हसत होते.

सून म्हणाली, "सकाळी चहा मागतात ना, तर सगळी आळी जागी होते. आवाज कमी करा म्हटलं तर म्हणतात, समालोचकाचा आवाज कमी नसतो."

चहा आला. ते मान खाली घालून अक्षरं दाबत होते आणि घरातली सगळी माणसं पडद्यावर वाकून आधीच हसायला लागली होती. मी कप उचलला तसा आवाज गरजला, "काकांनी कप उचललाय... फुंकर मारली... आणि हा पहिला घोट! काय घोट हाय, काय घोट हाय!" त्यांची म्हातारी बहीण पदर तोंडाला लावून हसत होती. मीही हसलो. इतक्या दिवसांनी हसलो की गाल दुखले.

मग ते बराच वेळ काहीतरी लिहीत बसले. त्याच मैदानी आवाजात टॅब ओरडला, "दोन महिने मी या घरात मेल्यासारखा व्हतो. तुमच्यामुळं परत आलो." गळ्यातल्या रुमालामागून श्वासाची शिट्टी वाजत होती. मी हात जोडले. त्यांनी पुन्हा लिहिलं. "वैनींसाठी बनवलंत ना हे? त्या काय काय बोलतात?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"बोलते," मी म्हणालो. "थोडं थोडं."

"मंग माझा नमस्कार सांगा त्यांना!"

परतताना फेरीबोटीत मी स्कूटरला टेकून उभा राहिलो. मला आनंद व्हायला हवा होता आणि तो कुठेतरी होताही. पण छातीत जे पेटलं होतं तो आनंद नव्हता. मला त्या माणसाचा हेवा वाटत होता. हेवासुद्धा सौम्य शब्द झाला. त्याचा गळा गेला आणि शब्द राहिले; हिचा गळा शाबूत आणि शब्द गेले. उलट का झालं नाही? मी हिच्यासाठी घातलेलं प्रत्येक बटण, प्रत्येक दुपार, सगळं त्याच्या पारड्यात पडलं होतं. माझं काही चुकलं असतं, करायला जमलं नसतं, तर मन मानलं असतं, की आपण अडाणी, आपल्याला येत नव्हतं. पूर्वी तसं म्हणता आलं असतं. आता करता येत नाही असं काही उरलंच नव्हतं. सगळं करून झालं होतं, उत्तम झालं होतं, आणि ज्याच्यासाठी केलं त्या माणसापाशी ते पोचत नव्हतं.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ताई म्हणाल्या, "काकी दिसभर फाटकाकडंच बघत बसल्यान. जेवल्याबी न्हाईत धड."

मी हिच्यासमोर स्टूल ओढून बसलो आणि सांगायला लागलो. मला सांगता येत नाही, पण सांगितलं. फेरीबोटीत एका बाईच्या पिशवीतून कोंबडी कशी सुटली, बोर्लीच्या बाजारात सुपारीचे ढीग कसे होते, त्या गृहस्थांचा रुमाल, कुत्रं, म्हातारी बहीण. ती ज्या बारकाव्यांनी सांगायची तसं सांगायचा प्रयत्न केला. ती माझ्या ओठांकडे बघत होती. घोटाची गोष्ट मी त्यांच्या आवाजात सांगितली तेव्हा ती हसली. गोष्ट कळली म्हणून की मी हसत होतो म्हणून, कोण जाणे. मी म्हणालो, "त्यांनी तुला नमस्कार सांगितलाय." ती म्हणाली, "मग काय?" अगदी प्रश्नासारखं. मग तिने डावा हात उचलला, हळूहळू माझ्या चेहऱ्याजवळ आणला आणि तळवा माझ्या तोंडावर ठेवला.

तो हात बराच वेळ तिथे होता. आता पुरे, असं तिला म्हणायचं होतं? की हे तोंड एवढं बोलतं कसं, याचं नवल वाटलं होतं? की नुसता हात कुठेतरी टेकवायचा होता? मी तेव्हा विचारू शकलो नाही, आणि विचारलं असतं तरी काय उपयोग होता. अजूनही दिवसातून कितीदा तरी मला तो तळवा आठवतो आणि प्रत्येक वेळी मी वेगळा अर्थ लावतो.

टॅब मी कपाटात ठेवून दिला. त्यानंतरचे काही आठवडे, पाऊस लागेपर्यंत, आम्ही दोघं सकाळी वाडीत जाऊन बसायचो. सुपारी पाडायला माणूस आला की ती मान वर करून बघायची. तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेप घ्यायचा तेव्हा माझा दंड घट्ट धरायची. मी काहीबाही बोलायचो. थोडं थोडं जमायला लागलं होतं मला. तिची मान कधी हलते, नजर कधी लांब जाते, हे टिपायला लागलो होतो. आणखी वर्षभर मिळालं असतं तर कदाचित दोघांमधलं असं काहीतरी तयार झालं असतं.

पण पावसाळ्याच्या शेवटी तिला दुसरा झटका आला. या वेळी काही सांगायला सुरुवातही केली नाही तिने. खुर्चीतच मान कलली. हॉस्पिटलमधून परत आणली ती नाकात नळी घालून. गिळता येत नाही. डोळे उघडे असतात, पण बघतात की नाही ते सांगता येत नाही. ते दोन शब्दही गेले.

फोनवर मात्र माणसं येत राहिली. वाचा-उपचाराच्या बाई ते ॲप पुढे देत गेल्या. पेणजवळच्या एका मिठागरावरच्या घरातून एक आई बोलली. तिच्या मुलीला जन्मापासून बोलता येत नव्हतं, तिने चित्रावर बोट ठेवून आईला पहिल्यांदा ‘आये’ म्हटलं होतं. आईला रडू आवरेना. पुण्याची ती मुलगी कळवते, "काका, बघा, किती लोकांचं भलं झालं तुमच्यामुळे." खोटं नाही ते. मी सगळ्यांना उत्तर देतो. कोणी म्हणतं, कुठे दुखतंय ते दाखवायला शरीराचं चित्र हवं. मी हिच्या पलंगाशेजारी बसून हळू आवाजात यंत्राला सांगतो. पहिल्याच खेपेला होतं. पाठवून देतो. आमची मुलगी म्हणते, बाबा, यात तुमचा जीव रमतोय ते बरंय. मी तिला हो म्हणतो. रमत वगैरे काही नाही. लोक मागतात आणि देता येतं, म्हणून देतो. मला हवं ते मागायला कोणाकडे जायचं, हे मला माहीत नाही.

परवा बोर्लीहून सुनेने एक रेकॉर्डिंग पाठवलं. गावच्या मैदानावर सामने होते, मांडवात टॅबला माइक लावून सासऱ्यांनी एका डावाचं समालोचन केलं होतं. भोंग्यातून त्यांचा आवाज, मागे माणसांचा गलका, शिट्ट्या. लिहायला वेळ लागायचा म्हणून प्रत्येक चेंडूचं वर्णन पुढचा चेंडू पडून गेल्यावर येत होतं आणि त्यावरच लोक जास्त ओरडत होते. मी ते हिच्या कानाजवळ लावलं. मोठ्याने. एकदा, मग पुन्हा. पापणीसुद्धा हलली नाही. मी आवाज कमी केला आणि ते तसंच संपू दिलं.

ताई गरम पाण्याची बादली घेऊन आत आल्या. "काका, कूस बदलायची येल झाली. हात द्या जरा."

मी फोन खिडकीत ठेवला आणि तिच्या पाठीखाली हात घातला. ती फार हलकी झाली आहे. आम्ही तिला भिंतीकडे वळवलं, पाठ पुसली, पावडर लावली आणि नळी ओढली जात नाही ना ते बघून चादर सारखी केली.